बिनशेपटीची अळंबी

मला लोक सर म्हणतात आणि मला ते आवडतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ तिथंच आहे. माझं नाव सोमशेखर. बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालो आणि सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या या सोसायटीत राहायला आलो. समोर वर्ग नसला की शिक्षकाचं काय होतं, ते माझ्या बायकोला विचारा. सहा महिने मी तिलाच वारे आणि पर्जन्य समजावून सांगत होतो. शेवटी तीच म्हणाली, "जरा बाहेर फिरून या की."

फिरायला लागलो तसा रानातली झाडंझुडपं बघायला लागलो. फोनमध्ये एक ॲप घेतलं, फोटो काढला की ते झाडाचं नाव सांगतं. हळूहळू सोसायटीतले दहा-अकरा जण रविवारी सकाळी माझ्यामागं यायला लागले. कुंभारी गावाच्या अलीकडं ओढ्याकाठी एक माळ आहे, तिथं अजून प्लॉट पडलेले नाहीत. परतीचा पाऊस होऊन गेला की त्या माळाला रूप येतं. तरवड पिवळाधमक होतो, कुर्डूचे तुरे वर येतात, बांधावर केना आणि आघाडा माजतो. मी एकेका झाडापुढं थांबून आधी मराठी नाव सांगायचो, मग लॅटिन. लोक माना डोलवायचे. लॅटिन नाव मलाही दहा मिनिटांपूर्वीच कळलेलं असायचं.

मराठी नावं मात्र भीमाबाईंची. भीमाबाई कुंभारीच्या. साठी ओलांडलेली बाई, पण चाल अशी की माझी दमछाक व्हावी. आमच्या गेटशेजारच्या लिंबाखाली त्या सकाळी पाटी घेऊन बसायच्या. पाटीत पाथरी, चिगळ, तांदुळजा, जे रानात मिळेल ते. ही सोसायटी व्हायच्या आधी तिथं शेत होतं, तेव्हापासून त्या त्या झाडाखाली बसत. मी भाजी घेता घेता एकेक गोष्ट विचारून घ्यायचो आणि रविवारी ती स्वतःची म्हणून सांगायचो. एकदा त्यांचा फोटोही काढला. पाटीपुढं बसल्या आहेत, हातात कुर्डूची जुडी, जरा लाजून हसतायत. ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "आपल्या मातीची जाणकार". छत्तीस लोकांनी अंगठे दिले. मला वाटलं, आपण केवढं मोठं काम केलं.

भादव्यात आणि आश्विनात भीमाबाईंच्या पाटीत कधीकधी अळंबी असायची. वारुळावर उगवलेली, पळसाच्या पानात बांधलेली. त्या ती धुऊन देत नसत. वारुळावरचं अळंबं मातीत खोल हातभर गेलेलं असतं. त्या ओला हात करून, पिळा देऊन, ते मुळासकट वर काढायच्या आणि ती लांब निमुळती शेपटी मातीसकट तशीच ठेवायच्या. सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, "मावशी, साफ करून आणा की." त्यावर भीमाबाई म्हणायच्या, "साफ केलं तर तुमाला कसं कळायचं ह्ये वारुळाचं हाय म्हनून? शेपटी बगून घ्या. शेपटी न्हाय ते माझ्याकडनंबी घिऊ नका." इतकी सोपी गोष्ट. मी ती ग्रुपला दोनदा शिकवली होती.

आमचे सेक्रेटरी शिवराज. त्यांची आई शिवम्मा, वय अठ्ठ्याहत्तर, मूळच्या कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीच्या. गुडघ्यांमुळं फिरायला येत नसत, पण गॅलरीतून विचारायच्या, "सर, अणबे दिसलं का?" आमच्या कन्नडात अळंबीला अणबे म्हणतात. दुधनीला लहानपणी त्या वडिलांबरोबर शेतात जाऊन अणबे आणायच्या. ती चव परत एकदा मिळावी, एवढीच त्यांची इच्छा. भीमाबाईंकडून घेऊन मी त्यांना कधीही देऊ शकलो असतो. पण मला ती स्वतः शोधलेली द्यायची होती. विकत आणलेल्या वस्तूवर कुणी सर म्हणत नाही.

त्या रविवारी ती सापडली. रात्री पाऊस झाला होता. मी सगळ्यांच्या बराच पुढं होतो, मागचे अजून दिसतही नव्हते, आणि एका वारुळापासून चार-पाच पावलांवर गवतात पांढरीशुभ्र अळंबी, बशीएवढी, सात-आठ. ॲपनं सांगितलं, वारुळाचीच, ब्याऐंशी टक्के. शाळेत ब्याऐंशी टक्क्यांना मी पाठ थोपटायचो. खिशातून चाकू काढला. परदेशातल्या एका माणसाचा व्हिडिओ बघून मी तो चाकू मागवला होता. तो म्हणतो, अळंबं उपटू नये, जमिनीलगत कापावं, म्हणजे खालचा जीव शाबूत राहतो. मी तसंच कापलं. मुळाशी काय होतं, शेपटी होती की नव्हती, ते मातीतच राहिलं. एक उलटं करून बघितलं तर खालच्या पाकळ्यांना किंचित हिरवट झाक होती. मला वाटलं, गवताचा रंग लागला असेल. वाटलं म्हणजे, मी तसं वाटून घेतलं.

परत येताना बाकीचे पुढं गेले आणि मी गेटपाशी थांबलो. भीमाबाईंकडं त्या दिवशी अळंबी होती. घरच्यासाठी एक पानाचा पुडा घेतला. माझ्या कापडी पिशवीत त्यांनी डोकावून बघितलं.

"ह्येची शेपटी कुटं हाय, सर?"

मी त्यांना शास्त्रीय पद्धत समजावून सांगितली. जमिनीखालचा जीव, चाकू, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग एक अळंबं उचलून उलटं धरलं.

"मला न्हाय बरं वाटत ह्ये. टाकून द्या की. पायजे तर माझ्यातली आनकी घ्या, पैशे दिऊ नका."

मी हसलो आणि पिशवी घेतली. एका अडाणी बाईनं मला टाकून द्या म्हणावं, हे मला झोंबलं होतं. हा अडाणी शब्द तेव्हा माझ्या मनात आला होता, म्हणून लिहितोय.

पुडा घरी दिला, पिशवी शिवम्मांना. शिवराज लिफ्टपाशी भेटले होते, म्हणाले, "वा सर, मघाशी भीमाबाईंकडं थांबला होता ते हेच का?" मी नुसता हसलो. शिवम्मांसाठी सरप्राइज होतं ना, वाटेतही कुणाला सांगितलं नव्हतं. दुपारी आम्ही दोघांनी भीमाबाईंची अळंबी ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ली आणि मी झोपलो.

साडेचारला शिवराजांचा फोन आला. आईला उलट्या-जुलाब सुरू झालेत, थांबत नाहीत, दवाखान्यात नेतोय. एकट्या तिनंच खाल्ली होती. मग त्यांनी विचारलं, "सर, ती त्या भीमाबाईकडनंच घेतली होती ना?"

मी पलंगावर उठून बसलो होतो. बायको दारात उभी होती. काय विचारलंय ते मला नीट ऐकू आलं होतं, आणि उत्तरही माहीत होतं.

"हो," मी म्हणालो, "घेतली होती तिच्याकडनं."

शब्द खोटे नव्हते. घेतली तर होतीच. पुढचे कितीतरी दिवस मी स्वतःला हेच ऐकवत होतो.

सोमवारी सकाळी शिवराजांनी मला खाली बोलावलं. लिंबाखाली सात-आठ जण जमले होते, बहुतेक रविवारचेच. मधे भीमाबाई, पाटी अजून डोक्यावरच. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं.

"सर, तुमीच सांगा की ह्यास्नी. मी दिल्याली पानात हुती. पिशवीतली तुमी सोता कापल्याली. मी टाकून द्या म्हनलं हुतं का न्हाय?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"दोन्ही एकत्र झाली असतील," मी म्हणालो. "आता नक्की सांगता येणार नाही."

हा माझा शाळेतला आवाज होता. ऑफिसमधून पोराचा दाखला गहाळ झाला की पालकांशी मी याच आवाजात बोलायचो.

"एकत्र झाली तर तुमच्या घरात कुनाला काय झालं का मग?" भीमाबाईंनी विचारलं. प्रश्न सरळ होता. वर्गात एखाद्या पोरानं असा प्रश्न विचारला असता तर मी त्याला शाबासकी दिली असती.

"आम्ही अगदी थोडी खाल्ली," मी म्हणालो.

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. रागानं नाही. आपण ज्याला ओळखत होतो तो माणूस हाच का, अशी खात्री करून घेतल्यासारखं. मागून कुणीतरी म्हणालं, "मुळात यांच्या हातचं घ्यायचंच कशाला मी म्हणतो." यांच्या म्हणजे कुणाच्या, ते कुणी विचारलं नाही. भीमाबाई बौद्ध आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. माझ्या लहानपणी आमच्या दारात त्यांच्या समाजातल्या बायकांना पाणी वरून ओतत, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पुढं वर्गात मी त्यावर पोरांना तासभर सुनवायचो, माझे डोळे पाणवायचे. त्या दिवशी मी मूग गिळून चपलांकडं बघत उभा राहिलो.

"बरं," भीमाबाई म्हणाल्या आणि पाटी न उतरवताच परत गेल्या.

दुपारपर्यंत मेसेज फिरला. "सावधान. ही बाई विषारी भाजी विकते. कुणीही घेऊ नये." वर फोटो. फोटो माझाच होता, कुर्डूची जुडी घेतलेला, लाजून हसणारा. फक्त भोवती लाल गोल काढला होता आणि माझी खालची ओळ पुसली होती. संध्याकाळपर्यंत तो शेजारच्या चार सोसायट्यांत गेला, दुसऱ्या दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या जुळे सोलापुरातून, माझ्या मेहुण्याकडून, मला परत आला.

मी शिवम्मांना बघायला गेलो. सलाइन चालू होतं, चेहरा सुकला होता, पण धोका टळला होता. शिवराज औषधं आणायला खाली गेले तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं आणि कन्नडात हळूच म्हणाल्या, "बाल इरलिल्ल, सर." बाल म्हणजे शेपूट. शेपूट नव्हतं. दुधनीच्या अणबेला हातभर शेपूट असायचं, त्यांना चिरतानाच शंका आली होती. "पण म्हटलं, सरांनी दिलंय. शिकलेला माणूस चुकीचं कसं देईल."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "होगली बिड्री," म्हणाल्या, जाऊ द्या. मुलाला सांगणार नाही असंही म्हणाल्या. आणि मला हायसं वाटलं. एवढी आजारी बाई माझी लाज झाकायला निघाली होती आणि मी तिला झाकू दिली.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. गेटमधून बाहेर पडताना लिंबाकडं बघायचं नाही म्हणून मी मागच्या दारानं जायला लागलो. लिंबाखाली आता कुणाची तरी स्कूटर लागत होती. जेवताना बायको एकदाच म्हणाली, "त्या बाईचं काय झालं असेल हो?" आणि मी तिच्यावरच खेकसलो. लाज ही गोष्ट मी इतके दिवस दुसऱ्यांना शिकवत होतो, "लाज वाटायला पाहिजे तुम्हाला", रोज दहादा. ती खरी कशी असते ते कळायला चौसष्ट वर्षं लागली.

शुक्रवारी मी कुंभारीला गेलो. घर विचारत गेलो. पत्र्याचं, पुढं शेणानं सारवलेलं स्वच्छ अंगण. भीमाबाई सुपात मटकी निवडत होत्या. त्यांची नात बुद्धप्रिया नर्सिंगला आहे, सुट्टीला आली होती. तिनं मला खुर्ची दिली, पाणी आणून दिलं. मी पाणी प्यायलो. तिनं रिकामा तांब्या हातात घेत विचारलं, "सर, तो फोटो तुम्हीच काढलेला ना? आमच्या हॉस्टेलच्या ग्रुपवर आला होता. आधी मला वाटलं, आजीला बक्षीसबिक्षीस मिळालं."

तिच्या आवाजात टोचून बोलणं नव्हतं, तेच जास्त लागलं. मी मान खाली घातली आणि भीमाबाईंना सगळं सांगितलं. पिशवीतली माझीच होती, तुम्ही म्हणालात ते खरं होतं, मी घाबरलो, मी खोटं बोललो, मला माफ करा. बोलता बोलता मला रडू आलं. खरं सांगतो, रडताना मला थोडं बरंही वाटत होतं. आता या म्हणतील, जाऊ द्या सर, असं मी धरून चाललो होतो.

भीमाबाईंनी सूप खाली ठेवलं.

"ह्ये मला कशापाई सांगतासा? मला ठावं हाय की."

"मला माफी मागायची होती."

"हितं मागून काय उपेग? हितं कोन हाय ऐकाय? जितं खोटं बोललासा, तितं जाऊन सांगा." आणि पुन्हा मटकी निवडायला लागल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आता पार सोलापूरच्या मंडईपतोर जावं लागतंय मला. तितं रानभाजी कोन घेत न्हाय, सगळे मेथीच इचारत्यात."

त्यांनी मला माफ केलं की नाही, ते मला आजही माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

शनिवारी मी ग्रुपवर सगळं लिहिलं. काही न लपवता, चाकूपासून शेपटीपर्यंत, आणि शेवटी विनंती केली की हाही मेसेज सगळीकडं पाठवा. खाली हात जोडलेली चित्रं आली, दोन गुलाब आले. पुढं एकानंही पाठवला नाही.

रविवारी सकाळी साडेसहाला गेटपाशी अकरा जण उभे होते. मी त्यांना समोरासमोरही सांगितलं. अळंबी मी कापली होती. भीमाबाईंनी मला टाकून द्या म्हटलं होतं. सोमवारी इथंच त्या खरं बोलत होत्या आणि मी खोटं. शिवराजांकडं बघून म्हणालो, "तुमच्या आईचा जीव माझ्या हातून गेला असता."

मी वाट बघत होतो. शिवराजांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्या प्रसादासारख्या घेतल्या असत्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सर, तुम्ही मुद्दाम थोडंच केलं? आई आता ठणठणीत आहे. होतं असं माणसाकडून."

"आजकाल कोण कबूल करतं?" दुसरे म्हणाले. "मोठेपणा आहे सरांचा." हे तेच, 'यांच्या हातचं' म्हणणारे. काव्या म्हणून बँकेत नोकरी करणारी एक मुलगी ग्रुपमध्ये आहे, तिनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. दोघा-तिघांनी साथ दिली.

मी म्हणालो, टाळ्या नकोत. आधी भीमाबाईंना बोलावून आणू, सगळ्यांनी मिळून माफी मागू, त्यांची जागा त्यांना देऊ.

"बोलावू की," शिवराज म्हणाले. "पण कसंय सर, बुधवारी मीटिंगमध्ये ठराव झालाय, गेटपाशी कुणालाच बसू द्यायचं नाही. एकीला दिलं की सगळे येतात. आणि त्या बाईंना काय, कुठंही बसून विकता येतं. बघू, पुढच्या मीटिंगला विषय घेऊ."

"आणि तो फोटोचा मेसेज?"

"आठवडा झाला सर. लोक विसरले. उगाच परत आठवण कशाला करून द्यायची? चला, ऊन होईल."

ते चालायला लागले. चार पावलं गेले आणि थांबले, कारण मी पुढं असल्याशिवाय ते जात नाहीत. याच गेटपाशी मी खोटं बोललो तेव्हा त्यांनी ते मानलं होतं, आज खरं बोललो तर तेही मानलं. त्या बाईनं एकदाच सांगितलं होतं, आणि तेही खरं, तर तिची पाटी उठली. मी पुढं झालो. का झालो ते सांगता येत नाही. पायांना सवय असते.

रस्ता सोडून माळावर उतरलो. रात्रीच्या पावसानं माती मऊ होती. काव्या मागं वाकून बघत होती. तिनं गवतातून काहीतरी उपटलं आणि धावत माझ्याकडं आली. बाकीचेही भोवती गोळा झाले.

"सर, हे काय आहे? खाता येतं का?"

अकराच्या अकरा जण माझ्या तोंडाकडं बघत उभे होते, आणि मी हो म्हणालो असतो तर त्यांनी ते खाल्लं असतं.